डोळे मिटून एएमडी? आधी कॅबिनेट उघडून बघा ना भाऊ

महिन्याभरात एकच मेसेज मला चार जणांनी पाठवला, त्यातला एक तर माझा भाचाच. विषय, कॉम्प्युटरवर विंडोजऐवजी लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम टाकायची तर एएमडी, एनव्हिडिया की इंटेल, कोणत्या कंपनीचं ग्राफिक्स कार्ड घ्यायचं. मेसेज असा: "लिनक्स टाकणार असाल तर डोळे मिटून एएमडीचं कार्ड घ्या. एनव्हिडिया लिनक्सवर चालत नाही. एएमडीला ड्रायव्हर लागतच नाही. बजेट कमी असेल तर जुनं आरएक्स ५८० आठ जीबी, नवीनच पाहिजे तर ६५०० एक्सटी. इंटेलच्या नादी लागू नका." (ड्रायव्हर म्हणजे कार्ड चालवणारा प्रोग्राम.) आता मी स्वतः कितीतरी वर्षांपासून एएमडीच वापरून राहिलो, त्यामुळे लिहिणाऱ्याशी माझं भांडण नाही, पण यातलं अर्धं खरं आहे आणि उरलेल्या अर्ध्यात पोट्ट्यांचे पैसे बुडून राहिले.

आधी ५८० घेतो, कारण त्यात मी स्वतः फसलो. कार्ड २०१७ चं आहे, तेव्हा चांगलंच होतं, लिनक्सवर आजही मस्त चालते, त्याबद्दल वाद नाही. पण बाजारात ५८० नावाची दोन कार्डं आहेत. एकात २३०४ शेडर, म्हणजे चित्र काढणारे छोटे कोअर, दुसऱ्यात २०४८, आणि दुसरं म्हणजे जवळजवळ ५७० च, डब्यावर मात्र ठळक अक्षरात ५८०. मी नागपुरात बर्डीवरच्या एका दुकानातून घेतलं, घरी येऊन टर्मिनलमध्ये एलएसपीसीआय (आत कोणतं हार्डवेअर आहे ते दाखवणारी कमांड) मारलं तर ओळ आली, चिपचं नाव पोलारिस २० एक्सएल, पुढे आरएक्स ५८० २०४८एसपी. परत गेलो तर दुकानदार म्हणे, "दोन्ही ५८० च आहे भाऊ." हौ, आहे ना, नावाला. तेव्हा दुकानातच एखाद्या मशीनवर लिनक्सची लाइव्ह यूएसबी (इन्स्टॉल न करता चालणारा पेनड्राइव्ह) लावून ही एक ओळ बघून घ्या, दोन मिनिटाचं काम आहे. शिवाय यातली भरपूर कार्डं क्रिप्टो मायनिंगमधून, म्हणजे रात्रंदिवस रगडून निघालेली, पंखा हाताने फिरवून बघा, खरखर आली की ठेवून द्या.

दुसरं म्हणजे वीज. ५८० खाते १८५ वॅट. आपल्याकडे लोक काय करतात, ऑफिसमधून निघालेलं चौथ्या जनरेशनचं आय५ प्रोसेसरवालं मशीन स्वस्तात उचलतात आणि त्यात हे कार्ड कोंबतात. एसएमपीएसवर, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्यावर, लिहिलेलं असते ४५० वॅट, पण स्टिकर नीट वाचा, १२ व्होल्टच्या रकान्यात १८ अँपिअर असेल तर १२ गुणिले १८ म्हणजे २१६ वॅट, बस. कार्डाचे १८५ आणि प्रोसेसरचे ८४ धरले की २६९ झाले, म्हणून गेम सुरू केला की मशीन धाडकन बंद, आणि मग आपला गडी लिनक्सला शिव्या देऊन राहिला. त्यात नागपूरचा मे महिना, बाहेर ४५, खोलीत कूलर लावूनही ३५ च्या खाली येत नाही, अशा खोलीत १८५ वॅटची शेगडी कशाला पेटवायची? आणि हो, कूलरची ओली हवा थेट कॅबिनेटवर सोडू नका बे, मदरबोर्डला गंज चढलेला पाहिला आहे मी.

आता "एनव्हिडिया चालत नाही." हे कुठून आलं ते बहुतेकांना माहीत आहे, २०१२ मध्ये फिनलंडमधल्या एका कार्यक्रमात लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्सने कॅमेऱ्यासमोर एनव्हिडियाला मधलं बोट दाखवलं, तो फोटो अजून फिरून राहिला. त्यानंतर बरंच पाणी वाहून गेलं. मे २०२२ मध्ये कंपनीने कर्नल मॉड्यूलचा, म्हणजे ड्रायव्हरचा जो भाग कर्नलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) बसतो त्याचा, कोड खुला केला, २०२४ मध्ये ५५५ ड्रायव्हरसोबत एक्सप्लिसिट सिंक (फ्रेम पूर्ण झाल्यावरच दाखवायची सोय) आलं आणि वेलँडवर, म्हणजे लिनक्सच्या नव्या डिस्प्ले सिस्टिमवर, विंडो लुकलुकायच्या ते पुष्कळ कमी झालं. अट एक, खुलं मॉड्यूल पाहिजे तर कार्ड ट्युरिंग पिढीचं किंवा त्याच्या पुढचं लागते, म्हणजे जीटीएक्स १६ सिरीजपासून. जुन्या कार्डांच्या बाबतीत मेसेजवाला चुकला नाही, उलट मी तर म्हणतो जीटी ७१० फुकट मिळालं तरी घेऊ नका, ते ४७० ड्रायव्हरवरच अडकलं. १०५० टीआयसाठी ५८० ही शेवटची शाखा, हा ५८० ड्रायव्हरचा नंबर आहे, वरच्या कार्डाशी काही संबंध नाही. आज चालते, पण दार बंद होऊन राहिलं.

"एएमडीला ड्रायव्हर लागत नाही" हे तर फारच गुळमुळीत. लागते, फक्त तो कर्नल आणि मेसासोबत (मेसा म्हणजे लिनक्सचा खुला ग्राफिक्स संच) आधीच आलेला असतो. म्हणून नवंकोरं कार्ड आणि तीन वर्षं जुनी डिस्ट्रो (उबुंटू, फेडोरासारखा लिनक्सचा तयार संच) अशी जोडी जमवली की ते अडलंच म्हणून समजा. फेडोरा टाकलं तर एच२६४ व्हिडिओचं हार्डवेअर डिकोडिंग आपोआप मिळत नाही, आरपीएम फ्यूजन या बाहेरच्या भांडारातून वेगळं पॅकेज घ्यावं लागते. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये रेंडर किंवा एआयचं काम करायचं असेल तर ५८० विसरा, असल्या कामासाठीच्या एएमडीच्या रॉकएम सॉफ्टवेअरमधून ती पिढी केव्हाच बाहेर पडली. आणि ४के टीव्ही १२० हर्ट्झवर एचडीएमआयने चालवायचं डोक्यात असेल तर तेही ऐका, त्याला एचडीएमआय २.१ लागते आणि हे स्टँडर्ड ठरवणाऱ्या एचडीएमआय फोरमने २०२४ मध्ये एएमडीच्या खुल्या ड्रायव्हरला २.१ साठी नकार दिला होता. डिस्प्लेपोर्ट असलेला मॉनिटर घ्या, कटकट मिटली.

६५०० एक्सटी? कार्डाची पट्टी दिसायला पूर्ण लांबीची, पण आत डेटा जायला चारच लेन. पीसीआयई (कार्ड बसवायचा स्लॉट) ४.० च्या बोर्डवर ते खपून जाते, जुन्या ३.० च्या बोर्डवर त्या लेनचा वेग सरळ अर्धा, आणि मेमरी फक्त ४ जीबी असल्यामुळे ती भरली की सगळी ये-जा त्याच अरुंद गल्लीतून. वरून व्हिडिओ एन्कोडर नाही, ओबीएसवर स्क्रीन रेकॉर्डिंग केलं की सगळा भार प्रोसेसरवर. जुन्या मशीनवाल्यालाच हे कार्ड काहून सुचवून राहिले, मला तर समजतच नाही. त्याच्या ऐवजी थोडे दिवस थांबून ६६०० घ्या, ८ जीबी, १३२ वॅट, आठ लेन.

इंटेलचं एवढंच की बोर्डमध्ये रिसाइझेबल बार (कार्डाची सगळी मेमरी प्रोसेसरला एकदम दिसू देणारी सोय) नसेल तर नको, असेल आणि कर्नल ६.२ किंवा त्याच्या पुढचा असेल तर ए३८० बिनधास्त घ्या, एव्ही१ या नव्या व्हिडिओ फॉरमॅटचं एन्कोडिंग मिळते, ते मेसेजमधल्या एकाही कार्डात नाही.

भाच्याचं काय झालं? त्याचं मशीन तेच ऑफिसवालं, एसएमपीएस तोच १८ अँपिअरचा, कार्डाला वीज द्यायची वेगळी वायर त्यातून निघतच नाही. मग वेगळी पॉवर न लागणारं ७५ वॅटचं सेकंडहँड जीटीएक्स १६५० बसवलं, हौ, एनव्हिडियाच, मी सांगून. उबुंटूने ड्रायव्हर टाकताना पासवर्ड मागितला, रीस्टार्टला निळी स्क्रीन आली, पोट्ट्याने घाबरून पहिलाच पर्याय दाबला, कंटिन्यू बूट. झालं, सिक्युअर बूटने (सही नसलेलं काही सुरू होऊ न देणाऱ्या सोयीने) मॉड्यूल लोडच होऊ दिलं नाही. रात्री अकराला फोन, "मामा, मेसेजवाला बरोबर होता ना?" पुन्हा सगळं करायला लावलं, या वेळी एनरोल एमओके (ड्रायव्हरच्या सहीची चावी मान्य करायचा पर्याय) निवडून तोच पासवर्ड टाकला, आणि कार्ड सुरू. तेव्हापासून त्याने मला तो मेसेज पाठवला नाही, बाकीचे तिघं अजून पाठवून राहिले.