मागच्या काचेवरची ती जांभळी फिल्म पावसाळ्याआधी काढा

ठाण्यात दहा-पंधरा वर्षं जुन्या गाड्या अजून भरपूर फिरतात आणि त्यातल्या कितीतरी गाड्यांच्या काचांवर जुनी सनफिल्म तशीच आहे. रंग उडून जांभळी झालेली, मध्ये फुगे आलेले, कडा सुटलेल्या. स्वस्त फिल्म म्हणजे रंगवलेलं पॉलिस्टर. उन्हाने आधी रंग जातो, मग गोंद सुटतो आणि फुगे धरतात. ही फिल्म काढा, असं मी ओळखीच्या प्रत्येक गाडीवाल्याला सांगतो. आज इथे सगळ्यांना सांगतोय.

दंडाची भीती हे माझं कारण नाही. कायदा मात्र माहीत असावा. काचेतून किती उजेड आत यायला हवा हे केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम १०० सांगतो: पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के, बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के. २७ एप्रिल २०१२ ला सर्वोच्च न्यायालयाने काचेवर वरून फिल्म चिकटवायलाच मनाई केली. २०२४ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने, बदललेल्या नियमाच्या आधारे, निकषात बसणारी फिल्म चालेल असं म्हटलं. त्या निकालाचा हवाला देऊन लोक वाद घालतात. पण त्यातही ७० आणि ५० सुटलेले नाहीत. हिशेब करून बघा. कंपनीची काच ७५ टक्के उजेड सोडत असेल आणि तिच्यावर ३५ टक्केच उजेड सोडणारी फिल्म असेल, तर आत येतो जेमतेम २६ टक्के. जुन्या काळ्या फिल्म कुठल्याच हिशेबात बसत नाहीत.

माझं खरं कारण घोडबंदर रोड आहे. जुलैमधली रात्र, धो धो पाऊस, बॅरिकेडमुळे आवळलेला रस्ता, उलट्या बाजूने येणारा दुचाकीवाला, त्याचा दिवा बंद. अशा वेळी बाजूच्या काचेतून आरसा नीट दिसला नाही तर लेन बदलायची कशाच्या भरवशावर? मागच्या कंटेनरचे दिवे फिल्मच्या फुग्यांमध्ये विस्कटतात आणि तो किती जवळ आलाय ते कळत नाही. गायमुखच्या घाटात तर रिव्हर्स घेताना मी लोकांना काच खाली करून, डोकं बाहेर काढून, भिजत बघताना पाहिलंय. चांगली काच असताना ही वेळ का यावी?

"फिल्म काढली तर एसी पुरत नाही," हे उत्तर मला नेहमी मिळतं. उन्हाच्या उष्णतेतला निम्म्याच्या आसपास भाग डोळ्यांना न दिसणाऱ्या इन्फ्रारेड किरणांचा असतो. रंगाची साधी फिल्म अडवते मुख्यतः दिसणारा उजेड, आणि स्वतः तापून त्यातली बरीच उष्णता आतच सोडते. काळोख म्हणजे गारवा नव्हे. गाडी उन्हात उभी करताना पुढच्या काचेला सनशेड लावा आणि निघताना दोन मिनिटं सगळ्या काचा उघड्या ठेवा. फरक जाणवतो.

आता काढायची कशी. बाजूच्या काचा घरी आरामात होतात. कपड्यांचा स्टीमर असेल तर उत्तम, नाहीतर हेअर ड्रायर. कोपरा गरम करून नखाने उचला आणि फिल्म तिच्यावरच दुमडून सावकाश ओढा. गोंद फिल्मबरोबर यायला हवा. मागे राहू लागला की थांबा, पुन्हा वाफ द्या. घाई केली की फिल्म फाटते आणि मग उरलेला गोंद काढण्यात दुपार जाते. उरलेल्या गोंदावर साबणाचं पाणी आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल चालतं. पेट्रोल बंद गाडीत अजिबात नको. दाराच्या पॅडवर जाड टॉवेल टाका, पाणी पॉवर विंडोच्या स्विचमध्ये जाता कामा नये. वरच्या कडेसाठी काच थोडी खाली घ्या. नवीन ब्लेड, काच ओली ठेवून, एकाच दिशेने, इथे चालतं.

मागच्या काचेवर मात्र ब्लेड नाही म्हणजे नाही. तिथे आतल्या बाजूला डीफॉगरच्या, म्हणजे काच तापवून धुकं घालवणाऱ्या, बारीक रेषा छापलेल्या असतात, काही गाड्यांत अँटेनाही तिथेच असतो. एक रेषा तुटली की तेवढी पट्टी धुक्याची राहते, आणि ते कळतं पावसातच. अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानात दहा मिनिटांत खरवडून दिलेल्या कितीतरी काचांवर मी या रेषा मधेच कापलेल्या पाहिल्यात. पैसे देऊन काम करून घेत असाल तरी समोर उभे राहा आणि ब्लेड बाजूला ठेवायला सांगा. घरी करताना एकाने बाहेरून ड्रायरने काच गरम ठेवावी, दुसऱ्याने आतून रेषांच्या दिशेने, आडवी, मुंगीच्या चालीने फिल्म ओढावी. ड्रायर एकाच जागी धरून ठेवू नका आणि तापलेल्या काचेवर गार पाणी मारू नका, काच तडकू शकते. गोंद मऊ कापडानेच पुसा. अमोनियाचा उपाय बरेच जण सांगतात. बंद गाडीत त्या वासाने डोळे आणि घसा जळतो, आणि वाफेने काम होत असताना त्याची गरज नाही.

काम झालं की काचेवर आतून फुंकर मारून वाफ धरा आणि डीफॉगर लावा. रेषा शाबूत असतील तर वाफ रेषेरेषेने विरत जाते.

वर्तकनगर-माजिवडा भागात कुणाला स्टीमर हवा असेल तर माझा घेऊन जा. मागची काच करणार असाल तर रविवारी सकाळी सांगा, दुसरा माणूस लागतो, मी येईन.