इराक बिघडला, तो कुणाच्या नकळत नाही

चिंचवडच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अमेरिकेबद्दल दोन पक्ष आहेत. एक म्हणतो, अमेरिका जे करते ते तेलासाठी, आणि जगात कुठेही आग लागली की काडी तिचीच असते. दुसऱ्या पक्षाचे पुढारी आमचे दाजी. त्यांच्या मते देश असावा तर असा: मनात आलं की घुसायचं, मारायचं, परत यायचं, कुणाच्या बापाला विचारायचं नाही. दोघांचं रोज वाजतं. तरी एका गोष्टीवर त्यांचं एकमत आहे, ते म्हणजे अमेरिकेला आपण काय करतोय ते नीट कळत असतं.

इथे राहून मला त्या एकमताबद्दलच सगळ्यात जास्त शंका वाटते.

मी डेट्रॉईटच्या उत्तरेकडच्या उपनगरात राहतो. गाड्यांच्या धंद्यामुळे ट्रॉय, नोव्हाय या भागात आपली मराठी माणसं भरपूर. पण आमच्याही आधीपासून इथे खाल्डियन लोक आहेत. हे उत्तर इराकमधले कॅथलिक, मोसुलजवळच्या तेल केप्पेसारख्या गावांतले. घरात अजून अरामाईकची बोली बोलतात. डेट्रॉईट शहरातली किराणा आणि दारूची कितीतरी दुकानं त्यांचीच. इराकबाहेर ही जमात सर्वांत मोठ्या संख्येने राहते ती या महानगरात. त्यांच्या एका चर्चला सद्दाम हुसेनने अडीच लाख डॉलरची देणगी दिली होती, आणि १९८० मध्ये डेट्रॉईटने सद्दामला शहराची मानाची किल्ली भेट दिली. हे सांगितलं की दाजींना खोटं वाटतं. तेव्हा सद्दाम इराणच्या विरुद्ध असल्यामुळे अमेरिकेचा ‘आपला माणूस’ होता.

डेट्रॉईटला लागूनच्या डिअरबॉर्नमधले शिया इराकी वेगळे. १९९१ मध्ये थोरल्या बुशनी इराकी जनतेला सद्दामला हटवायचं जाहीर आवाहन केलं. दक्षिणेतले शिया उठले. मग अमेरिकी सैन्य सरहद्दीजवळ असतानाच सद्दामच्या हेलिकॉप्टरांनी त्यांना भाजून काढलं. वाचले ते सौदीतल्या रफ्हाच्या छावणीत वर्षानुवर्षं पडून राहिले, आणि त्यांतले बरेच शेवटी मिशिगनला आले. एप्रिल २००३ मध्ये अमेरिकी फौजांपुढे बगदाद पडलं तेव्हा हे लोक डिअरबॉर्नच्या रस्त्यावर नाचले. त्या आनंदाला नावं ठेवण्याचा हक्क मला नाही, आणि चिंचवडमध्ये बसून तो कुणी बजावूही नये. २८ एप्रिलला धाकटे बुश त्यांच्यासमोर भाषण करायला आले, तेव्हा टाळ्या खऱ्याखुऱ्या होत्या.

त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत अमेरिकेने नेमलेले प्रशासक पॉल ब्रेमर बगदादमध्ये बसून फतवे काढत होते. ब्रेमर जुने राजनैतिक अधिकारी, पण अरबी येत नव्हतं आणि इराकमध्ये कधी काम केलेलं नव्हतं. १६ मेचा पहिला आदेश: सद्दामच्या बाथ पक्षाच्या वरच्या चार पायऱ्यांवरच्या सगळ्यांना सरकारी नोकरीतून बाहेर. पक्षाचं सभासदत्व घेतल्याशिवाय बढती मिळत नव्हती अशा देशात याचा अर्थ हजारो शिक्षक, डॉक्टर, अभियंते घरी. २३ मेचा दुसरा आदेश: सैन्य बरखास्त. सुमारे चार लाख माणसं, घरात बंदुका, हातात वेळ आणि खिशात काही नाही. १८ जूनला हे बेकार सैनिक पगार मागायला अमेरिकी मुख्यालयाच्या दारात जमले. गोळीबार झाला, दोघे मेले. त्यानंतर भत्ता जाहीर झाला, पण तोवर बरेच जण दुसरीकडे चाकरीला लागले होते.

हे कुणाला आधी कळलं नव्हतं असं नाही. परराष्ट्र खात्याने युद्धाच्या आधी इराकी निर्वासितांना घेऊन युद्धोत्तर कारभाराचे खंडच्या खंड तयार केले होते. संरक्षण खात्याने ते बाजूला सारले. लष्करप्रमुख जनरल शिन्सेकी यांनी फेब्रुवारी २००३ मध्ये सिनेटसमोर सांगितलं की देश सांभाळायला काही लाख सैनिक लागतील. दोनच दिवसांनी उपसंरक्षणमंत्री पॉल वुल्फोविट्झ यांनी तो अंदाज उडवून लावला. ब्रेमर यांच्या आधीचे प्रशासक, निवृत्त जनरल जे गार्नर यांनी या आदेशांना तोंडावर विरोध केला. तेव्हा जे झालं त्याला अनपेक्षित म्हणणं ही पळवाट आहे. ज्यांना अपेक्षित होतं त्यांना खोलीबाहेर काढलं होतं, एवढंच.

आणि पुढे? शिन्सेकी निवृत्त झाले. वुल्फोविट्झ जागतिक बँकेचे अध्यक्ष झाले. ब्रेमर यांना डिसेंबर २००४ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या हस्ते देशातला सर्वोच्च नागरी सन्मान मिळाला. आमच्या कंपनीत ब्रेकचा एक पार्ट चुकीच्या मापाचा गेला तर मूळ कारण सापडेपर्यंत माणसं झोपत नाहीत.

कट-कारस्थानवाल्या पक्षाला मी विचारतो की हे सगळं ठरवून केलेलं असेल तर फायदा कुणाला झाला? २००९ मध्ये रुमैला या इराकच्या सर्वांत मोठ्या तेलक्षेत्राचा लिलाव झाला, तो घेतला ब्रिटिश बीपी आणि चीनची सरकारी कंपनी यांनी मिळून. बगदादमध्ये सत्तेवर आले ते सद्दामच्या काळात इराण-सीरियात दिवस काढलेले पक्ष. इराणने एकही गोळी न झाडता जे मिळवलं ते त्याला आठ वर्षांच्या युद्धात मिळालं नव्हतं. असं कारस्थान करणारा एक तर वेडा असला पाहिजे, नाहीतर तेहरानचा हस्तक. पहिल्या पक्षाला हे आवडत नाही. बलाढ्य देश घाईत, अज्ञानात आणि घमेंडीत एवढं नुकसान करू शकतो, ही कल्पना कारस्थानापेक्षा जास्त भीतीदायक आहे.

बरखास्त सैन्यातले अधिकारी आणि बुक्काच्या अमेरिकी तुरुंगात भेटलेले जिहादी यांची गाठ पडली. त्यातून जी आयसिस (इस्लामिक स्टेट) उभी राहिली तिने जून २०१४ मध्ये मोसुल घेतलं. ते आपल्याकडेही पोचलं. मोसुलमध्ये मजुरीला गेलेले ३९ भारतीय, बहुतेक पंजाबचे, मारले गेले. टिक्रितमधून ४६ भारतीय परिचारिका, बहुतेक केरळच्या, कशाबशा सुटल्या. आणि कल्याणची चार पोरं यात्रेकरूंच्या गटाबरोबर इराकला जाऊन त्याच टोळीला मिळाली. कल्याण!

माझ्या शेजारच्या खाल्डियनांची निनवेच्या मैदानातली गावं त्याच उन्हाळ्यात रिकामी झाली. २००३ पूर्वी इराकमध्ये दहा लाखांवर ख्रिस्ती असावेत असा अंदाज आहे, आज फार तर काही लाख उरलेत. इथल्या त्यांच्यातल्या अनेकांनी २०१६ मध्ये ट्रम्प यांना मोठ्या आशेने मतं दिली. जून २०१७ मध्ये इमिग्रेशनवाल्यांनी डेट्रॉईट परिसरात धाडी टाकून शंभरावर इराक्यांना उचललं, त्यांत बहुतेक खाल्डियन, जुन्या गुन्ह्यांपायी हद्दपारीचे आदेश असलेले. ज्या देशात ख्रिस्त्यांना जगणं कठीण झालंय तिथे त्यांना पाठवायचं ठरलं. एकाला २०१९ मध्ये खरोखर पाठवलं. तो जन्मला होता ग्रीसमध्ये, इराक त्याने पाहिलाही नव्हता. मधुमेहाचा रोगी, काही महिन्यांत बगदादमध्ये वारला.

आमच्या मराठी पार्ट्यांत यातलं काही निघत नाही. पुण्याच्या मेट्रोवर, महाराष्ट्रातल्या फोडाफोडीवर तासन्‌तास बोलतो. ज्या सरकारला आपण कर भरतो त्याच्या युद्धाचा विषय निघाला की कुणीतरी पुरणपोळी वाढायला उठतं. ग्रीन कार्डच्या रांगेतल्यांचं समजू शकतो. नागरिक होऊन घराचं कर्ज फेडून झालेल्यांचं काय?

दाजींच्या पक्षासाठी मात्र माझ्याकडे घरचीच दोन उदाहरणं आहेत. १९८७ ते १९९० शांतिसेना श्रीलंकेत होती. गेलो तमिळांना वाचवायला, लढलो तमिळ वाघांशी, अकराशेहून अधिक जवान गमावले, आणि १९९१ मध्ये श्रीपेरंबुदूरला राजीव गांधींची हत्या झाली. दुसरं उदाहरण न केलेल्या गोष्टीचं. २००३ च्या उन्हाळ्यात अमेरिकेने भारताकडे इराकसाठी एक डिव्हिजन, म्हणजे सुमारे सतरा हजार सैनिक मागितले. दिल्लीत ‘महासत्तेच्या पंगतीला बसायची संधी’ म्हणून लाळ गाळणारे कमी नव्हते. वाजपेयी घाईत नव्हते. नागपूरच्या बर्धन यांच्यासारख्या डाव्या नेत्यांना त्यांनीच ‘विरोध जरा जोरात करा’ असं सुचवल्याचा किस्सा सांगतात. १४ जुलैला सरकारने संयुक्त राष्ट्रांच्या स्पष्ट आदेशाशिवाय सैन्य देणार नाही असं कळवलं. त्या निर्णयाचा विजयदिन कुणी साजरा करत नाही. न गेलेल्या सतरा हजारांची यादी नसते ना.

हल्ली ग्रुपवर घुसण्याच्या गोष्टी निघाल्या की मी दाजींना एकच विचारतो: दुसऱ्या दिवशी तिथल्या हवालदाराचा पगार कोण करणार? मागच्या वेळी त्यांनी उत्तरादाखल लढाऊ विमानाचा व्हिडिओ पाठवला. विमान चांगलं होतं. पगाराचं अजून ठरायचंय.