‘हेगचा निकाल म्हणजे रद्दी’ या दाव्याचा प्रतिवाद

‘हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाकडे ना पोलीस, ना सैन्य; म्हणून त्याचे निकाल कोणी पाळत नाही, बड्या देशांकडे तर सुरक्षा परिषदेत ठराव रोखणारा व्हेटोच (नकाराधिकार) आहे, आणि कुलभूषण जाधव प्रकरण हा त्याचा पुरावा,’ असा दावा समाजमाध्यमांवर फिरतो. त्यातला पोलीस-सैन्याचा भाग खरा आहे.

आधी पुराव्याकडे पाहू. एप्रिल २०१७ मध्ये पाकिस्तानच्या लष्करी न्यायालयाने भारतीय नागरिक असलेल्या जाधव यांना हेरगिरीच्या आरोपाखाली फाशी सुनावली. मे महिन्यात हेगच्या न्यायालयाने तिला स्थगिती दिली आणि १७ जुलै २०१९ रोजी १५ विरुद्ध १ मतांनी अटकेतील परदेशी नागरिकाला आपल्या वकिलातीशी संपर्काचा हक्क देणाऱ्या व्हिएन्ना कराराच्या कलम ३६ चा पाकिस्तानकडून भंग झाल्याचे ठरवले. मात्र शिक्षा रद्द करून सुटका करावी, ही भारताची मागणी न्यायालयाने फेटाळली होती. शिक्षेचा परिणामकारक फेरविचार करावा, तोवर फाशी देऊ नये आणि वकिलातीच्या अधिकाऱ्यांना भेटू द्यावे, एवढाच आदेश होता. त्यामुळे ‘निकालानंतरही ते सुटले नाहीत’ हा निकाल मोडल्याचा पुरावा ठरत नाही. पाकिस्तानने भेट घडवली, २०२० मध्ये फेरविचारासाठी अध्यादेश काढला आणि २०२१ मध्ये कायदा केला. भेट निर्वेध नव्हती, हा भारताचा आक्षेप मला रास्त वाटतो. पण फाशी दिली गेलेली नाही, हेही तितकेच खरे आहे.

‘कोणी पाळत नाही’ म्हणणाऱ्यांनी नायजेरिया आणि कॅमेरून यांच्या वादातले बाकासी द्वीपकल्प पाहावे. तेथे नायजेरियाचे सैन्य होते, तरी २००२ मध्ये निकाल कॅमेरूनच्या बाजूने लागला. नायजेरियाने आधी खळखळ केली. मग संयुक्त राष्ट्रांचे तेव्हाचे सरचिटणीस कोफी अन्नान यांच्या मध्यस्थीने २००६ मध्ये करार झाला, सैन्य मागे गेले आणि ऑगस्ट २००८ मध्ये हस्तांतर पूर्ण झाले. लिबियाने तर सीमेवरचा वादग्रस्त औझू पट्टा निकालानंतर चार महिन्यांच्या आत, १९९४ मध्येच, चाडला सोडला.

व्हेटोचा मुद्दा मात्र उडवून लावता येत नाही. अमेरिकेविरुद्ध निकाराग्वाच्या बाजूने लागलेल्या निकालाच्या पालनाची मागणी करणारा ठराव अमेरिकेने १९८६ मध्ये सुरक्षा परिषदेत रोखला. तरीही अंमलबजावणी बहुधा अडते ती देशांतर्गत कायद्यापाशी. अमेरिकेत मृत्युदंड झालेल्या मेक्सिकन कैद्यांच्या शिक्षेचा फेरविचार करावा, हा हेगच्या न्यायालयाचा २००४ चा निकाल संसदेच्या कायद्याविना देशातील न्यायालयांवर बंधनकारक नाही, असे अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये ठरवले, आणि त्याच वर्षी टेक्सासने त्यांतील एकाचा मृत्युदंड अमलात आणला. पाकिस्तानने निदान कागदोपत्री केला तसा कायदा अमेरिकी संसदेने (काँग्रेसने) केलाच नाही.