.५०० मध्ये एकच काडतूस का भरलं: आपल्या तक्रारीला उत्तर

नमस्कार,

आपण आमच्या नेमबाजीच्या रेंजला एक तारा दिलात आणि लिहिलंत, की .५०० मॅग्नम हे रिव्हॉल्व्हर घ्यायचं ठरवून आलो होतो, तर यांनी आधी त्याहून कमी जोराचं .३५७ हातात दिलं, मग .४४, आणि शेवटी .५०० दिलं तेही एकच काडतूस भरून. वर ‘सध्या घेऊ नका’ असा सल्ला. ‘गिऱ्हाइकाला लहान मूल समजतात, यांना विकायचंच नाही.’ शिवाय आमचा सहकारी शेजारच्या लेनवरचे लोक ऐकत असताना ‘तुम्हाला झेपणार नाही’ असं म्हणाला.

त्याच्या बोलण्याबद्दल आधी. ते चुकलंच. चारचौघांत कुणालाही असं ऐकवू नये. त्याला मी ते सांगितलं आहे आणि मालक म्हणून आपली माफी मागतो.

एका काडतुसाबद्दल मात्र माफी मागणार नाही. त्यामागचं कारण त्या दिवशी गर्दीत मी नीट सांगितलं नाही, एवढी चूक माझी. ते आता सांगतो.

.५०० चा बार झाला की नळी झटक्याने वर उसळते. सवय नसलेला हात मूठ सुटू नये म्हणून ती आवळतो, आणि त्याच आवळण्यात चापावरचं बोटही आत येतं. सिलिंडर फिरतं, दुसरी गोळी सुटते, आणि तोवर नळी छताकडे किंवा चालवणाऱ्याच्याच डोक्याकडे वळलेली असते. हा धोका या रिव्हॉल्व्हरच्या बाबतीत सगळ्या प्रशिक्षकांना माहीत आहे. सिलिंडरच्या पाच घरांपैकी एकाच घरात काडतूस असेल, तर दुसरा बार होऊच शकत नाही. कितीही जुना नेमबाज असो, पहिल्या वेळी आमच्याकडे एकच काडतूस.

तुमचा डावा अंगठा मी दोनदा मागे सारला, त्याचाही तुम्हाला राग आला. सिलिंडर आणि नळी यांच्यात बारीक फट असते. बार होताना तिथून तापलेला वायू दोन्ही बाजूंना सुटतो. .४६० आणि .५०० या जोरदार रिव्हॉल्व्हरांमध्ये त्याचा दाब एवढा असतो की फटीजवळ आलेलं बोट फाटू शकतं. त्या क्षणी समजावत बसण्यापेक्षा मी अंगठा हलवला.

.४४ च्या सिलिंडरमध्ये मी भरलेल्या काडतुसांबरोबर दोन रिकाम्या पुंगळ्या घातल्या होत्या, कुठल्या घरात ते न सांगता. तुमचा निकाल तुम्हाला माहीत आहे, तो इथे लिहिणार नाही. माझा सांगतो. पहिल्यांदा ही चाचणी दिली तेव्हा घोडा रिकाम्या पुंगळीवर ‘टक्’ करून पडला, बार झाला नाही, तरी नळीचं टोक दोन बोटं खाली गेलं. धक्का येण्याआधीच माझा हात त्याला अडवायला निघाला होता. ही खोड मोडायला मला कित्येक महिने लागले, आणि तेही .३५७ वर परत जाऊन. एकदम .५०० वर सुरुवात करणाऱ्याच्या हातात ही खोड पक्की बसते.

आता तुमचा मूळ प्रश्न, की घ्यायचं तर कुठलं. तुम्ही लिहिता की जोरच हवा तर .५०० ला पर्याय नाही. नुसता जोर पाहिला तर खरं आहे. .४४ मॅग्नम १९५५ च्या सुमाराचं, .५०० आलं २००३ मध्ये. दमदार काडतुसांत .४४ ची ऊर्जा साधारण १,३०० ज्यूल, .५०० ची ३,५०० च्या आसपास. लांब नळीचं .५०० दोन किलोंचं असतं. पहिले पाच बार वजनामुळेच सुसह्य वाटतात आणि दहाव्यानंतर तेच वजन नेम हलवायला लागतं.

डेझर्ट ईगलबद्दलही विचारलं होतंत. ते पिस्तूल आहे, काडतुसाच्या वायूवर चालतं, त्यामुळे धक्का थोडा पसरून येतो. पण त्याचं .५० एई आणि रिव्हॉल्व्हरचं .५०० ही वेगळी काडतुसं आहेत, एकाचं दुसऱ्यात चालत नाही, आणि एई जोरात बरंच मागे आहे. उघड्या शिशाच्या गोळ्या त्याच्या वायूच्या छिद्रात शिसं साठवतात. मनगट सैल राहिलं की पिस्तूल अडकतं. मूठ रुंद आहे, तुमच्या तळव्यात ती मावत नव्हती हे तुम्हीच म्हणालात.

मला खरं मोलाचं वाटतं ते वेगळंच. .४४ मॅग्नमच्या रिव्हॉल्व्हरमध्ये .४४ स्पेशल हे सौम्य काडतूस चालतं. २००५ च्या .४६० मध्ये तर .४५४ कॅसुल आणि .४५ कोल्ट दोन्ही चालतात. उलटं कधीही करायचं नाही, पण या बाजूने एकाच हत्यारावर सौम्यापासून जोरदारापर्यंत चढत जाता येतं. म्हणून मी .४४ सुचवलं, सहा इंची नळीचं, अंगाने जड. अस्वलांच्या मुलखात राहणाऱ्याला किंवा मोठ्या जनावराची शिकार करणाऱ्याला मी .५०० दाखवतो. तुम्ही मात्र घराच्या रक्षणासाठी म्हणालात. बंद खोलीत, अंधारात, कानावर काहीही नसताना हा बार केला तर डोळे दिपतात, कान जन्माचे जाऊ शकतात, आणि गोळी भिंतीपलीकडे कोण झोपलंय ते बघत नाही. त्या कामासाठी मी .५०० विकणार नाही. .४४ सुद्धा नाही.

त्या दिवसाचं रेंजचं भाडं परत केलं आहे. रेंज रिकामी असते अशा सकाळी या, लेनवर मी स्वतः उभा राहीन. .४६० मध्ये .४५ कोल्टने सुरू करू, मग .४५४. कानात बोळे आणि वरून मफ, दोन्ही हवेत. नंतर .५००, आधी एक काडतूस, मग दोन, आणि रिकाम्या पुंगळीवर नळी हलली नाही तर पाचही. त्यानंतर केवळ नेमबाजीच्या हौसेसाठी ते तुम्हाला हवं असेल, तर कपाटातून मीच काढून देईन.