भिंत राखीव आहे

कंपाउंडच्या भिंतीला गेल्या महिन्यात अठरा हजार घालून रंग दिला. पिवळाच तो, पण दुकानदाराने नाव असं सांगितलं की पिवळ्याचे जादा पैसे देताना लाज वाटू नये. परवा दुपारी बाहेर कसला आवाज म्हणून बघायला गेलो, तर एक पेंटर तिच्यावर चुन्याचा पट्टा मारत होता.

"बरं झालं आलासा काका. पोरगं जेवायला गेलंय. ही दोरी धरा की जरा."

आणि मी धरली! निळीत बुडवलेली दोरी, एक टोक त्याच्याकडे, एक घरमालकाकडे. त्याने मधोमध टिचकी मारली, माझ्या पिवळ्यावर निळी रेघ उठली. "झ्याक आली," तो म्हणाला. मला क्षणभर बरंही वाटलं, याचा राग वेगळाच.

"अहो, पण भिंत माझी आहे."

"मग? म्हणून तर राखीव करतोय." त्याने तोवर 'राखीव, २०२९ पर्यंत' एवढं लिहिलंही होतं. "न्हाईतर कोण पण येऊन लिहून जातंय."

मी कायदा काढला. १९९५ चा आहे, मालमत्ता विद्रूप केली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

"आन् रंगाला किती गेलं तुमचं?"

"अठरा हजार."

"बघा म्हणजे."

काय बघायचं ते मी अजून बघतोय.

मग तो शिडीवर बसला आणि तंबाखू मळत धंद्याचं सांगू लागला. फ्लेक्स आले आणि हातातलं काम गेलं. आता भिंती तेवढ्या उरल्या, त्याही निवडणुकीपुरत्या. पक्षाचं नाव तो चुन्यात लिहितो आणि साहेबांचं ऑइलपेंटमध्ये.

"उलटं नको का?"

"काका, साहेब टिकत्यात. पक्ष बदलतोय."

शेजारी एक पांढरा गोल कोराच होता. ती चिन्हाची जागा. २०२२ मध्ये निवडणूक आयोगाने धनुष्यबाण गोठवला तेव्हा त्याचे चार गावांत बाण काढून झाले होते, पैसे कुणी दिले नाहीत. तेव्हापासून गोल शेवटच्या आठवड्यापर्यंत मोकळा. म्हणजे तोवर माझ्या भिंतीवर एक भोक पडल्यासारखं दिसणार, आणि येणारा-जाणारा त्यावर पिचकारी मारून नेम बघणार. ते कुठल्या पक्षाचं चिन्ह समजायचं?

अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात जॉन स्मिथ नावाच्या गोऱ्या अधिकाऱ्याने २८ एप्रिल १८१९ या तारखेसह स्वतःचं नाव चित्रावर कोरून ठेवलंय. दोनशे वर्षं झाली, साहेब टिकले आहेत. चित्राचे पोपडे गेले. उलट रायगड बांधणाऱ्या हिरोजी इंदुलकरांनी जगदीश्वराच्या पायरीवर 'सेवेचे ठायी तत्पर' म्हणून आपलं नाव लिहिलं, तेही येणाऱ्याचा पाय पडेल अशा जागी. पण त्यांनी आधी गड बांधला होता. आमच्या साहेबांनी समोरचा रस्ता तरी करायचा. खड्ड्यातलं पाणी उडून त्यांचंच आडनाव अर्धं चिखलात जातं, आणि ते पुसायला पाण्याची बादली मीच नेतो, कारण घाण दिसते ती माझ्या दारात.

जाताना पेंटरने कोपऱ्यात स्वतःचा मोबाइल नंबर टाकला. सगळ्या भिंतीवर अक्षर म्हणावं तर तेवढंच सुरेख होतं.

काल विरोधी बाजूचा एक कार्यकर्ता आला. भिंतीचा फोटो काढला, माझाही काढला. "काका, तुम्ही त्यांचे होय? आम्हाला वाटलं शिकलेले आहात." मी दोरीचं सोडून सगळं सांगितलं. त्याला पटलं नाही. शेवटी आवाज खाली आणून म्हणाला, "बरं, मग आम्हाला गेटाचे दोन खांब तरी द्या."

निदान विचारलं तरी, याचंच मला इतकं अप्रूप वाटलं, की मी खांबांकडे बघत "कुठला रंग देणार?" असं विचारून बसलो.