माझे पैसे माझ्या गायकाला का मिळत नाहीत?

गाणी ऐकायच्या ॲपची वर्गणी दर महिन्याला बरोबर कापली जाते. आणि दर थोड्या दिवसांनी यादीतलं एखादं गाणं राखाडी होऊन पडलेलं असतं, दाबलं तरी वाजत नाही. करार संपला म्हणे. मग आम्हाला आधी कळवायला काय होतं? विंक हे गाण्यांचं ॲप २०२४ मध्ये बंद, रेसो हे तसलंच ॲपही त्याच वर्षी भारतातून गेलं. लोकांनी हौसेनं जमवलेल्या याद्या गेल्या त्या गेल्याच.

पण खरा संताप पैशांचा आहे. मी मिरजेची. इथल्या सतार-तंबोऱ्यांना जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन आहे, थोर गायक अब्दुल करीम खाँसाहेब इथंच राहिले. माझ्या कानावर महिनाभर ख्याल आणि अभंगच असतात. तरी माझी वर्गणी त्या गायकांकडे जात नाही! बहुतेक ॲपवर सगळ्या श्रोत्यांचे पैसे एका ढिगात पडतात आणि एकूण कोण किती वेळा वाजलं त्यावर वाटणी होते. चाळीस मिनिटांचा ख्याल एकदा, तीन मिनिटांचं गाणंही एकदा. हा कुठला न्याय? त्यात स्पॉटिफायचा २०२४ पासूनचा नियम: वर्षभरात हजार वेळा वाजलं नाही तर रेकॉर्डिंगचा छदामही नाही. आमच्याकडच्या भजनी मंडळांनी, नव्या गायकांनी काय करायचं?

साउंडक्लाउड या ॲपनं २०२१ मध्ये स्वतंत्र कलाकारांसाठी श्रोत्याचे पैसे त्यानं ऐकलेल्यालाच द्यायला सुरुवात केली. म्हणजे जमतं. बाकीच्यांनीही करावं. आणि तबल्याला कोण, तंबोऱ्यावर कोण, ती नावं तरी ॲपवर गाण्यासोबत लिहा हो!