‘दिल्लीपेक्षा बरं’ हे माप कुणाच्या छातीचं? सातपूरकरांच्या प्रतिक्रियेला उत्तर

सातपूरकर, नमस्कार.

नाशिकच्या हिवाळ्यातल्या हवेवरच्या माझ्या लेखावर तुम्ही चिडून लिहिलंत, पण मुद्द्याला धरून लिहिलंत. म्हणून चार ओळींत न आटोपता सविस्तर उत्तर देते आहे. बाकीच्या वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. मोबाईलवर नाशिकचा एक्यूआय (हवा किती खराब आहे ते सांगणारा आकडा, जितका जास्त तितकी हवा वाईट) बहुतेक दिवस ‘समाधानकारक’ दिसतो, दिल्लीत तो 400 च्या वर जातो, तेव्हा मी लोकांना उगाच घाबरवते आहे. तुमचे आजोबा चुलीच्या धुरात राहून नव्वदी पार करून गेले. प्रदूषणाने मेला असा एक तरी माणूस मी दाखवावा. आणि सातपूर-अंबडच्या कंपन्यांवर हजारो घरं चालतात, तुमचंही त्यावरच चाललं. वडिलांनी एका वर्कशॉपमध्ये आयुष्यभर ग्राइंडिंग केलं, आज त्यांना सकाळी खोकला येतो तो वयाचा, कंपनीचा नाही.

आधी त्या ‘समाधानकारक’चं बघू. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कोष्टकात 51 ते 100 एक्यूआय म्हणजे समाधानकारक. पीएम 2.5 म्हणजे अडीच मायक्रॉनपेक्षा बारीक कण. त्यांची 24 तासांची सरासरी घनमीटरला 60 मायक्रोग्रॅमपर्यंत गेली तरी हवा याच खान्यात बसते. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये 24 तासांसाठी सांगितलेली पातळी आहे 15. वर्षाच्या सरासरीत तर तफावत आणखी मोठी: आपलं मानक 40, त्यांचं 5. आपलं मानक 2009 सालचं आहे, आणि त्यानंतर या विषयात बरंच काही कळलेलं आहे. मंडळाच्याच कोष्टकात ‘समाधानकारक’समोर काय लिहिलंय तेही वाचा: संवेदनशील व्यक्तींना श्वास घ्यायला किरकोळ त्रास होऊ शकतो. संवेदनशील म्हणजे दमेकरी, लहान मुलं, गरोदर बाई, हृदयाचा पेशंट, म्हातारी माणसं. असं एकही माणूस नसलेलं घर नाशिकमध्ये शोधून सापडेल का?

दुसरं, तो आकडा 24 तासांच्या सरासरीतून येतो आणि जिथे यंत्र बसवलंय तिथला असतो. निफाडचा पारा 5-6 अंशांवर उतरला की नाशिकमध्येही पहाटे जड, गार हवा जमिनीलगत बसून राहते. वर थोडी उबदार हवा, खाली गार. त्यामुळे धूर वर जात नाही, आडवा पसरतो. दुपारी ऊन तापलं, वारा सुटला की तोच धूर पांगतो आणि दिवसाची सरासरी खाली येते. पण आपली माणसं फिरायला जातात पहाटे. कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर, गोदापार्कला, वस्तीतल्या मैदानांवर. त्याच वेळी रस्ते झाडले जातात, शाळेच्या रिक्षा सुटतात, आणि सोसायटीचा वॉचमन रात्रीच्या थंडीने काकडलेला असतो म्हणून पालापाचोळा गोळा करून पेटवतो.

ती शेकोटी मी जवळून पाहिली आहे. वर दिसतो तो वाळका पाला. खाली दुधाच्या पिशव्या, थर्माकोलच्या प्लेटा, पार्सलचे काळे डबे, एखादी तुटकी चप्पल. पाला भुर्रकन जळून जातो आणि प्लास्टिक नंतर कितीतरी वेळ धुमसत राहतं. त्या काळपट, घशाला चिकटणाऱ्या धुरात तो वॉचमन हात शेकत बसलेला असतो, आणि पहिल्या मजल्यावरच्या खिडकीआड कुणाचं तरी तान्हं बाळ झोपलेलं असतं. त्या खिडकीशी त्या क्षणी किती मायक्रोग्रॅम आहेत हे कुठल्याच ॲपवर येत नाही. भंगारातल्या वायरी जाळून तांबं काढणाऱ्या पोरांचं तर विचारूच नका. पीव्हीसी जळताना हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ निघते, डायॉक्सिन नावाची विषारी रसायनं तयार होतात, आणि ती पोरं तोंडाला साधा रुमालसुद्धा बांधत नाहीत.

उघड्यावर कचरा जाळायला बंदी आहे. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर 2016 मध्येच साध्या प्रकरणात 5,000 आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास 25,000 रुपये दंड ठरवून दिला. पण वॉचमनला दंड करून मला समाधान होणार नाही. सोसायटीने त्याला एक जाड स्वेटर आणि बसायला बंद केबिन द्यावी, पाल्यासाठी आवारात एक खड्डा करावा. हा खर्च कुठल्याही सोसायटीला झेपतो.

दिल्लीशी तुलना मला मान्य नाही. दिल्लीत 400 आहे म्हणून नाशिकच्या दमेकऱ्याची धाप कमी होत नाही. ज्याच्या खाली अजिबात अपाय नाही अशी पीएम 2.5 ची पातळी अजून सापडलेली नाही. स्वतः केंद्र सरकारने 2019 च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात नाशिकचं नाव घातलं, ते हवेची मानकं पाळू न शकलेल्या शहरांच्या यादीत.

आता तुमच्या आजोबांबद्दल. ते नव्वदी पार करून गेले याचा मला मनापासून आनंद आहे. पण एक विचारते, चुलीपुढे बसायचं कोण? आजोबा बाहेर ओट्यावर, शेतावर, पारावर असणार. फुंकणी हातात घेऊन ओली लाकडं पेटवायची ती आजी, आणि तिच्या मांडीवर किंवा पाठीशी असायचं एखादं लेकरू. आजीला शेवटची काही वर्षं दम लागत होता का, रात्री उशा लावून बसून झोपावं लागत होतं का, हे घरात कुणाला आठवत असेल तर जरूर विचारा.

मी हे का विचारते ते सांगते. माझं काम फुफ्फुसांची क्षमता तपासण्याचं. नाकाला चिमटा लावायचा, तोंडात पुठ्ठ्याची नळी द्यायची, छाती भरून श्वास घ्यायला लावायचा आणि मग एकदम, पूर्ण ताकदीने सोडायला सांगायचं. ‘फुंका, फुंका, फुंका, थांबू नका, अजून, अजून!’ दिवसभर मी हेच ओरडत असते. निरोगी माणूस भरून घेतलेल्या हवेतली साधारण पाऊण हवा पहिल्याच सेकंदात बाहेर टाकतो. पेठ-सुरगाण्याकडच्या बायका येतात. पन्नाशीच्या आसपासच्या, हडकलेल्या, बोटांना काजळी लागलेल्या. बिडी नाही, तंबाखूची मिश्री फार तर. त्यातल्या एकीचा आलेख माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. पहिल्या सेकंदात निम्मीसुद्धा हवा निघाली नाही. रेघ उंच चढण्याऐवजी आडवी सरपटत गेली. पंपाने औषध दिलं, वीसेक मिनिटं थांबवलं, पुन्हा फुंकायला लावलं. नुसता दमा असता तर रेघ सुधारली असती. हिची जेमतेम हलली. म्हणजे नळ्या नुसत्या आवळलेल्या नव्हत्या, कायमच्या अरुंद झाल्या होत्या. याला सीओपीडी म्हणतात, आणि आपल्याकडे तो कधीही धूम्रपान न केलेल्या बायकांना मोठ्या प्रमाणावर होतो. ‘कामाला लागले की दम लागतो, वय झालं,’ एवढंच ती सांगत होती.

आजोबांसारखी दीर्घायुषी माणसं असतातच, पण आपल्याला आठवतात तीच, कारण ती आपल्याला भेटली. लहानपणी न्यूमोनियाने गेलेली भावंडं कुणाच्या आठवणीत राहत नाहीत. घरातला धूर हे लहान मुलांच्या न्यूमोनियाचं एक मोठं कारण आहे. 2016 मध्ये उज्ज्वला योजना आली ती याच धुरामुळे. सिलिंडर परवडत नाही म्हणून आजही कित्येक घरी चूल पेटते, आणि त्या बाईला दोष द्यायला मी जाणार नाही.

प्रदूषणाने मेलेला एक माणूस दाखवा, म्हणालात. दाखवते. एला किसी-डेब्रा. लंडनमधल्या लुइशॅम भागात, साउथ सर्क्युलर या वर्दळीच्या रस्त्याजवळ राहणारी मुलगी. दम्याच्या झटक्यांनी तिला पुन्हा पुन्हा दवाखान्यात न्यावं लागायचं. फेब्रुवारी 2013 मध्ये ती गेली, तेव्हा ती 9 वर्षांची होती. तिची आई रोझामंड गप्प बसली नाही. मृत्यूची चौकशी पुन्हा झाली, आणि डिसेंबर 2020 मध्ये कॉरोनरने, म्हणजे मृत्यूच्या कारणाची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने, निष्कर्ष नोंदवला की तिच्या मृत्यूला हवेचं प्रदूषणही कारणीभूत होतं. त्या मुलीच्या मृत्यूच्या कारणांत हे लिहिलं जायला जवळपास आठ वर्षं आणि आईची जिद्द लागली.

आपल्याकडे दाखल्यावर काय लिहितात? हृदयविकाराचा झटका. पक्षाघात. न्यूमोनिया. फुफ्फुसाचा कर्करोग. ते खोटं नसतं. पण सगळ्यात बारीक कण फुफ्फुसाच्या टोकाच्या पिशव्यांपर्यंत पोचतात, तिथली सूज रक्तात उतरते, काही कण स्वतःही रक्तात उतरतात, रक्त गोठण्याकडे झुकतं, धमन्यांचं अस्तर बिघडतं. आधीच साखर, बीपी असलेल्या माणसाला हा शेवटचा धक्का ठरतो. बाहेरच्या हवेचं प्रदूषण माणसात कर्करोग घडवतं, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 2013 मध्येच जाहीर केलं. बाहेरची आणि घरातली हवा धरून जगात वर्षाला सुमारे 70 लाख अकाली मृत्यू होतात, असा त्याच संघटनेचा अंदाज आहे. यातल्या प्रत्येकाचं नाव मी सांगू शकणार नाही. दारूच्या किंवा सिगारेटच्या बळींचीही नावं अशी वेगळी काढता येत नाहीत, म्हणून आपण त्यांना नाकारत नाही.

कंपन्यांचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण तिथे तुमची काळजी खरी आहे. कंपन्या बंद करा असं मी कुठेही लिहिलेलं नाही, आणि लिहिणारही नाही. सातपूर-अंबडने या शहराला उभं केलं. पण हवा स्वच्छ करायची तर पोटावर पाय येतो, हे खरं नाही. दक्षिण कॅलिफोर्नियात मुलांच्या फुफ्फुसांचा वर्षानुवर्षं अभ्यास झाला. तिथली बंदरं चालू राहिली, रस्त्यांवरची वाहनं चालू राहिली, फक्त इंधनाचे आणि धुराड्यांचे नियम कडक होत गेले. वयाच्या पंधराव्या वर्षी फुफ्फुसांची क्षमता चिंताजनकरीत्या कमी असलेल्या मुलांचं प्रमाण सुमारे 8 टक्क्यांवरून 4 टक्क्यांच्या खाली आलं. हे 2015 मध्ये प्रसिद्ध झालं. आपल्याकडेही 2000 मध्ये देशभर शिसेविरहित पेट्रोल आलं, एप्रिल 2020 पासून बीएस-6 या नव्या, कडक मानकाच्या इंधनात गंधकाचं प्रमाण दशलक्षात 50 वरून 10 वर आलं. गाड्या काही बंद पडल्या नाहीत.

उलट टाळाटाळीची किंमत कुणीतरी मोजतंच. औष्णिक वीज केंद्रांच्या धुरातल्या सल्फर डायऑक्साइडसाठी डिसेंबर 2015 मध्ये देशभर नियम आले, मग मुदतीवर मुदत मिळत गेली. एकलहऱ्यालाही कोळशावरचे 210 मेगावॅटचे तीन संच आहेत, म्हणून हा विषय आपल्या दारातला आहे. सिंहस्थाच्या कामांचंही तेच. रस्ते व्हायलाच हवेत, पण खोदलेल्या मातीवर पाणी मारणं, वाळूचे ट्रक झाकणं, राडारोडा त्याच दिवशी उचलणं हे निविदेत लिहिलेलं असतं की नाही आणि होतं की नाही, हे नगरसेवकाला विचारायचा हक्क आपल्याला आहे. द्वारका चौकात दिवसभर उभा राहणारा पोलीस आणि पहाटे झाडू मारणारी ताई यांना ती धूळ टाळता येत नाही. गाडीच्या काचा वर करणाऱ्यांनी तरी त्यांच्या वतीने विचारावं.

कंपनीच्या धुराड्यातून निघणारी हवा शेवटी गावात येते, पण पहिली जाते कामगाराच्या छातीत. म्हणून शेवटी तुमच्या वडिलांविषयी. त्यांचा खोकला वयाचा की कामाचा, हे मी इथे बसून सांगणार नाही, आणि तुम्हीही घरी बसून ठरवू नका. ग्राइंडिंग करताना धातूचे आणि दगडी चाकाचे बारीक कण उडतात. जवळ फाउंड्रीचं किंवा सँड ब्लास्टिंगचं काम चालत असेल तर सिलिका, म्हणजे वाळूतली बारीक धूळ, येते, आणि सिलिकाचा त्रास काम सुटल्यावरही वाढत राहू शकतो. स्प्रे पेंटिंगच्या काही रंगांमधल्या आयसोसायनेट या रसायनाने दमा होऊ शकतो. नोकरीत असताना रविवारी किंवा गावी गेल्यावर त्यांना बरं वाटायचं का, हे आठवून बघा. डॉक्टरांना ते सांगणं फार उपयोगी पडतं, आणि बहुतेक पेशंट तेच सांगायचं विसरतात.

त्यांना छातीच्या डॉक्टरांकडे न्या. कुठल्या खात्यात, कुठल्या मशीनवर, किती वर्षं काम केलं ते एका कागदावर लिहून सोबत ठेवा. एक्स-रे आणि फुंकायची तपासणी दोन्ही करून घ्या. नुसत्या एक्स-रेवर सीओपीडी सुरुवातीला कळत नाही. पंप लिहून दिला तर ‘सवय लागते’ या भीतीने थांबवू नका. त्यातलं औषध थेट फुफ्फुसात जातं, म्हणून गोळीपेक्षा कितीतरी कमी मात्रा पुरते. तपासणीला जाताना पोट फार भरलेलं नको, कपडे सैल हवेत. पंप आधीपासून सुरू असेल तर तपासणीपूर्वी किती तास घ्यायचा नाही, हे अपॉइंटमेंट घेतानाच विचारून घ्या.